शिक्क्यापुरतं जाऊन येते

हन्नेके निघाली त्या दिवशी तिच्या पायात रबरी चपला होत्या. देश सोडून जाणारं माणूस निदान बूट तरी घालेल की नाही? पण ती कुठे देश सोडून चालली होती! "मावशी, शिक्क्यापुरतं जाऊन येते," म्हणाली, कुणी कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला जावं तसं. दोरीवर तिचे कपडे वाळत होते, चिकट तांदूळ भिजत घातले होते, आणि माझ्या पलंगावर तिची पोरगी कांजिण्यांनी फुललेली पडली होती.

मी बुआखाम. थायलंडातल्या चियांग माईत, जुन्या शहराभोवतीच्या खंदकाच्या आतल्या अंगाला, विहारामागच्या गल्लीत माझं घर आहे. खाली मी राहते आणि वरच्या खोल्या या भटक्यांना देते. भटके म्हणजे आमच्या डोंगरातले नव्हेत, गोरे. नवरा गेल्यावर सुरू केलं ते आजतागायत चालू आहे. कुणी दोन महिन्यांसाठी येतं आणि वर्षानुवर्षं हलत नाही. कुणी "आता इथेच मरणार" म्हणतं आणि आठवड्यात गाशा गुंडाळतं. उन्हाळ्याच्या तोंडावर डोंगरात रान जाळतात, शहरात धूर कोंडतो, की ही मंडळी खोकत खोकत समुद्राकडे पळतात आणि पाऊस पडला की परत हजर. जाताना सगळा पसारा माझ्या गळ्यात. माझ्या पडवीत आजही तीन गिटारी आहेत, भारतातून आणलेली एक बाजाची पेटी आहे, आणि कुणाचा तरी नुसत्या शिंपल्यांनी भरलेला पेटारा आहे. टाकवतही नाही आणि ठेववतही नाही.

"तुमचं घर कुठे?" असं विचारलं की हसतात. "मावशी, घर मनात असतं." मनात असतं ना, मग माझ्या नळाला पाणी आलं नाही की माझ्या नावानं शंख कशाला करता रे?

राग यायचा मला त्यांचा, खरं सांगते. माझा मुलगाही परदेशातच असतो. तैवानात, पंख्यांच्या कारखान्यात. त्याला कुणी भटका म्हणत नाही, मजूर म्हणतात, आणि मालकाने सोडल्याशिवाय त्याला सणालाही गावी येता येत नाही. ज्याचं ताट इथे वाढलेलं आहे तो तिकडे, आणि ज्यांना कुठेच ताट नको ते माझ्या ओट्यावर पाय पसरून बसलेले. कुणाला राग येणार नाही?

हन्नेकेवर मात्र मला फार दिवस रागावता आलं नाही. ती हॉलंडची. पोर कडेवर घेऊन आली होती. खोली बघायला वर गेली आणि पोर माझ्या हातात देऊन गेली, आणि उतरली तेव्हा पोर माझ्या खांद्यावर झोपलेलं. तिचं काम म्हणजे मिक्सर आणि कपडे धुण्याच्या मशिनींबरोबर जे माहितीचे कागद येतात ना, ते आपल्या भाषेत करून पाठवायचे. मांडीवर कॉम्प्युटर घेऊन दिवसभर तेच करायची. तिच्या स्वतःच्या घरात यातलं एकही यंत्र कधी नव्हतं. पोरीचा बाप कोण, ते मी विचारलं नाही. एकदा तीच म्हणाली, "चांगला होता, पण तो पुढे गेला." पुढे म्हणजे कुठे, ते तिलाही ठाऊक नसावं.

पोरीचं पासपोर्टवरचं नाव फेना. आमच्या गल्लीच्या जिभेला ते काही वळेना. केस बघून मी फाई म्हणायला लागले. फाई म्हणजे कापूस. ती चालायला लागली माझ्या अंगणात, बोलायला लागली माझ्या चुलीपाशी. शिव्यासुद्धा माझ्याच उचलल्या तिने, अगदी चालीसकट. मला 'मोठी आई' म्हणायची. हन्नेके आमची भाषा बाजारापुरती बोलायची, पण फाई आमची डोंगराकडची बोली अशी बोलायची की भाजीवाल्या तिला मुद्दाम बोलतं करायच्या. विहाराच्या शाळेत मीच घातलं तिला. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, कागदपत्रं? मी म्हटलं, बाई, पोर बघा आधी, कागद नंतर बघू. बाईंनी पोर बघितली आणि कागदाचं राहूनच गेलं.

आता हे शिक्क्याचं प्रकरण. या लोकांना आमच्या देशात पाहुणे म्हणून राहता येतं, ठरावीक मुदतीपर्यंत. मुदत संपत आली की जवळची सरहद्द गाठायची, पलीकडच्या देशात पाय टेकवायचा आणि मागे फिरायचं. नवा शिक्का, नवी मुदत. गल्लीतले सगळे गोरे तेच करायचे, कुणाला त्याचं काही वाटत नसे. आमच्याकडून उजाडताना चियांग खोंगची गाडी निघते. तेव्हा मेकाँगवर पूल नव्हता, होडीने लाओसात जायचं, तिकडे जेवायचं, होडीने परत, आणि रात्री आपल्या अंथरुणात. फाईला ती सहल वाटायची. पलीकडे फ्रेंचांच्या वेळेपासूनचा लांबडा पाव मिळतो, तो खायचा आणि घरी यायचं. नदी असते कशाला, तर पाव खाऊन परत यायला, एवढंच तिला ठाऊक.

त्या वेळी कांजिण्या झाल्या म्हणून पोरीला मागे ठेवलं. "तिची मुदत उलटली तरी लहान मुलांना दंड नसतो," हन्नेके म्हणाली. "पुढच्या आठवड्यात नेईन तिला." आणि खांद्याला एक पिशवी अडकवून, चपला फटफटवत गेली.

दुपारी फोन आला.

"मावशी, आत घेत नाहीयेत मला."

"म्हणजे?"

"त्या शिक्केवाल्या साहेबाने पासपोर्टचं एकेक पान उलटलं. म्हणाला, तुम्ही पाहुण्या नाही, तुम्ही इथे राहता."

"मग त्यात खोटं काय बोलला?" मी म्हटलं, आणि लगेच जीभ चावली.

ती हसली. नंतर म्हणाली, "फाई कशी आहे?"

"खाजवतेय. दुसरं काय करणार?"

"मी उद्या पुन्हा बघते. दुसरा साहेब असेल."

दुसऱ्या दिवशी दुसरा साहेब होता, आणि त्यानेही तेच सांगितलं. त्यानंतर ती रोज घाटावर जायची म्हणे. शेवटी त्यांनीच तिला बसवून समजावलं की बाई, नियम बदललेत, आमचा नाइलाज आहे, तुमच्या देशात जा, नीट परवाना काढून या. तुमच्या देशात जा! तिला देश होता कुठे? आई वारलेली, बापाने घर विकून दुसरा संसार थाटलेला. पाठीवरच्या पिशवीत मावेल तेवढंच जवळ ठेवायचं, हा तिचा नेम. त्या नेमाचं मोठं कौतुक होतं तिला. आता तोच अंगाशी आला.

"तिला एवढ्यात काही सांगू नका मावशी," फोनवर म्हणाली. "ताप उतरू दे. मी स्वतः सांगेन, समोर बसून."

म्हणून मी काही बोलले नाही. आईला काम आहे, एवढंच. फाईने ते मुकाट ऐकलं. आईला कामं असायचीच. त्या दिवसांत ती सगळी माझी होती. आमच्याकडची औषधी हिरवी पूड पाण्यात कालवून मी तिच्या अंगाला लावायची आणि ती आरशात बघून बेडकासारखी ओरडायची. रात्री माझ्या कुशीत झोपायची, पाय माझ्या पोटावर टाकून. मी दटावायची, "मेले, मोडशील म्हातारीला!" आणि पाय मात्र काढू द्यायची नाही.

आमच्याकडे आजारातून उठलेल्या माणसाच्या मनगटाला पांढरा दोरा बांधतात. आजारात जीव घाबरून कुठेतरी भटकतो, त्याला हाक मारायची, परत घरी ये म्हणायचं. खपल्या धरल्या तेव्हा मी तिला तो बांधला. कोंबडी शिजवली, केळी ठेवली, हाक मारली. "ये रे जिवा, रानात असशील तर ये, पाण्यात असशील तर ये." ती डोळे मिटून बसली होती. झाल्यावर विचारते, "मोठे आई, आईचा पण बांध ना. तिचा जीव तिकडे राहिला असेल तर?" मी म्हटलं, आई आली की बांधू. तोंडात आलं तसं बोलले, आणि एक केळं सोलून तिच्या हातात दिलं.

आणि मग तो फोन आला. मी अंगणात लिचीसारख्या लाँगनच्या झाडाखाली लसूण सोलत होते.

"मावशी, मी खूप विचार केला," हन्नेके म्हणाली. "माझी एक मैत्रीण व्हिएतनामात आहे, थोडे दिवस तिच्याकडे. तिथून पुढे कुठे ते माहीत नाही. पैसेही बेताचे आहेत. कदाचित वर्षभर असंच या देशातून त्या देशात चालेल. तिला कुठे कुठे नेऊ? तिची शाळा, तिच्या मैत्रिणी, तुम्ही... ती तुमच्याकडे राहिली तर?"

मी लसणाची टोपली बाजूला ठेवली.

"मावशी? ऐकताय?"

"ऐकतेय," मी म्हटलं. "राहू दे की."

"मी तिला विचारेन. तिचं तिने ठरवायचं."

त्या लोकांत पोरांना सगळं विचारतात. आंघोळ करणार का, केस कापू का, या घरात राहू या की त्या. आपल्यात कोण विचारतं! मी कितीदा तरी हन्नेकेला बोलले होते, अगं, पोरगी आहे ती, पंच नव्हे. पण त्या दिवशी मला ती पद्धत फार आवडली. विचार, म्हटलं, खुशाल विचार. सात वर्षांचं पोर, त्याला आपलं अंगण सोडून कुठे जावंसं वाटेल?

मी मागेपुढे पाहिलं नाही काही. समोरची खोली झाडून घेतली, नवी मच्छरदाणी आणली. मुख्याध्यापिकाबाईंना सांगून आले की फाई पुढच्या वर्षीही आहे. भाजीवाल्यांना सांगितलं. तैवानला मुलाला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, "आई, तू भाड्याची पोर ठेवून घेतलीस की काय?" मी त्याला चार शब्द ऐकवले आणि फोन ठेवला. त्या आठवड्यात मला गुडघेदुखी आठवलीसुद्धा नाही.

माझा धाकटा भाऊ इन्ता भाड्याची लाल गाडी चालवतो. ठरल्याप्रमाणे फाईला आईच्या भेटीला चियांग खोंगच्या घाटावर न्यायचं म्हणून त्याला सांगितलं तर त्याला ऊत आला.

"काय ताई! म्हातारपणी पाळणा हलला म्हणायचा!"

"गप रे मेल्या. गाडीत तेल भर."

"ते भरतो. पण आईने नेली पोरगी तर?"

"तीच म्हणतेय ठेवा म्हणून."

"ती म्हणतेय विचारीन म्हणून. कान नीट उघडे ठेवत जा."

"मग विचारू दे. तुला काय वाटतं, माझी फाई काय उत्तर देईल?"

इन्ताने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवून गाडी पुसायला लागला. फार न बोलणं त्याच्या स्वभावात नाही, म्हणून माझ्या ते लक्षात राहिलं.

आम्ही निघालो त्या दिवशी फाईने शाळेचा नवा फ्रॉक घातला. मी तिचा पासपोर्ट बिस्किटांच्या डब्यातून काढून कमरेला बांधला होता. तिचे कपडेही पिशवीत भरले होते. इन्ता म्हणाला, "परत आणायचीय ना, मग कपडे कशाला?" मी म्हटलं, वाटेत ओकलीबिकली तर? आता वाटतं, माझ्या हातांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

वाटभर ती इन्ताशेजारी बसून बडबडत होती. आईला मच्छरदाणी दाखवायची, आईला पडलेल्या दाताची खिडकी दाखवायची. वाटेत एका ढाब्यावर आम्ही शेवयांचा रस्सा खाल्ला. तिने स्वतःचा वाडगा संपवून माझ्यातले चिकनचे तुकडे उचलले, आणि वर म्हणते, "तुला दात नाहीत ना, मोठे आई, म्हणून मदत केली." आहेत गं माझे दात! सगळा ढाबा हसला.

चियांग खोंगचा घाट म्हणजे उतारावर एक छपरी, तिथे साहेबांचं टेबल, पुढे सिमेंटवर पिवळी रेघ, आणि रेघेपलीकडे होड्यांपर्यंत उतरणारा उतार. इन्ता गाडीपाशी थांबला. साहेब तरुण होता, चांगला होता. मी हात जोडून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाईंना मी रेघेपर्यंत येऊ देतो, पुढे नाही. बोलून घ्या तुमचं."

पलीकडून होडी आली. हन्नेके उतरली, आणि मला तर ती ओळखूच येईना. वाळली होती. पायात त्याच चपला, अंगात कुणाचा तरी उसना सदरा. फाई सुसाट धावली. दोघी रेघेवरच खाली बसल्या, आणि हन्नेकेने तिचे गाल, कपाळ, हात सगळं बोटांनी चाचपून बघितलं, प्रत्येक खपलीचा डाग. त्यांच्या भाषेत काहीबाही चाललं होतं. फाईने तोंड उघडून दाताची खिडकी दाखवली. मी टेबलापाशी उभी राहून छताकडे बघत होते. मला रडू येत होतं, आणि खरं सांगू, भीतीही वाटत होती.

मग हन्नेकेने मला जवळ बोलावलं. ती आमच्या भाषेत बोलायला लागली, तुटक तुटक. मलाही कळावं म्हणून असणार. फाईचे दोन्ही हात हातात घेतले.

"फाई, मला आता इथे राहू देत नाहीत. मला पुढे जायचंय. तू माझ्याबरोबर येशील, की मोठ्या आईकडे राहशील? तू ठरव. तू जे सांगशील त्याने मला राग येणार नाही."

फाईने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. विचारसुद्धा केला नाही. "मी मोठ्या आईकडे राहते," म्हणाली.

हन्नेकेने मान हलवली. हलवतच राहिली. मग तिला मिठीत घेतलं, केसांत तोंड खुपसलं, आणि उठून उताराच्या कडेला जाऊन पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. पाठ आमच्याकडे. तिचे खांदे हलत होते.

आणि मी? मला तेव्हा जे वाटलं ते सांगायला लाज कशाला? मला आनंद झाला. माझी फाई. माझं अंगण, माझी चूल, माझी मच्छरदाणी. मी तिचा हात धरला. हात कसा छान गरम होता.

तिने मला खाली ओढलं आणि आमच्या बोलीत कानाशी म्हणाली, "मला खाजतंय अजून, म्हणून नाही गेले. आपण त्या दुकानात बसू या. आई शिक्का घेऊन येईपर्यंत."

"काय म्हणालीस?"

"शेवटची होडी अंधार पडल्यावर येते ना? मागच्या वेळी तशीच आली होती. आईला सांग माझ्यासाठी पाव आणायला. कडक नको, मला पुढचा दात नाही."

मी तिच्याकडे बघत राहिले. ती रस्त्यापलीकडच्या दुकानातल्या रंगीत बाटल्यांकडे बघत होती. राहू देत नाहीत, पुढे जायचंय, असं आईने सांगितलं होतं खरं. पण फाईने ऐकलं ते एवढंच की आई नदीपलीकडे चाललीय. आणि नदीपलीकडे गेलेली आई रात्री घरी येते. तिच्या सात वर्षांत दुसरं काही झालंच नव्हतं.

हन्नेके अजून पाठमोरीच होती. तिला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. पोरीने निवडलं, असं धरून ती तिकडे रडत होती. आता मी फक्त गप्प बसायचं होतं. हात धरून दुकानात न्यायचं, एक बाटली घेऊन द्यायची. होडी गेली असती. रात्री ती रडली असती, आणखी चार रात्री रडली असती, मग रुळली असती. पोरं रुळतात. मी तिला कांजिण्यांतून उठवलंय, यातूनही उठवलं असतं. कुणी मला दोष दिला नसता, आईने विचारलं होतं आणि पोरीने सांगितलं होतं. साहेब साक्षीला होता.

देवा रे, किती सोपं होतं.

मी खाली बसले. गुडघे दुखले, दुखू दे.

"फाई, ऐक. आई आज रात्री येणार नाही."

"उद्या?"

"उद्याही नाही. त्यांनी दार बंद केलंय तिच्यासाठी. ती लांब जाणार आहे, दुसऱ्या देशात. आणि परत कधी येईल ते मला माहीत नाही, तिलाही माहीत नाही."

"दात येईपर्यंत?"

"त्याहून जास्त, बाळा."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा असा हळूहळू बदलत गेला की मला बघवेना.

"मग घरी झोपणार कुठे ती?"

"या घरी नाही झोपणार."

"तू कधीपासून माहीत होतं तुला?" शब्द एकमेकांत अडकले तिचे. "तुला माहीत होतं आणि तू म्हणालीस, आईला काम आहे..." तिने हात सोडवून घेतला. मी घट्ट धरला होता, तिने ओढून काढला. "तू आधी का नाही सांगितलंस?"

मी काय सांगणार? तुझ्या आईने नको म्हटलं म्हणून? ते खरंच होतं, आणि तेवढंच काही खरं नव्हतं.

"आई!" ती ओरडली, तिच्या त्या भाषेत नव्हे, आमच्या. "आई, मी चुकले! मी येते! थांब, मी चुकून बोलले!"

हन्नेके वळली. फाई रेघ ओलांडून तिच्या कमरेला अशी बिलगली की ती मागे पाण्यात पडता पडता राहिली. हन्नेकेने तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. काय झालं ते तिला कळलं की नाही, देव जाणे. मी तिथूनच म्हटलं, "घेऊन जा. तिला नीट कळलं नव्हतं. आता कळलंय."

"मावशी..."

"घेऊन जा म्हणते ना! आणि तिला चपला घालून थंडीत फिरवू नकोस. स्वतःही बूट घे."

बोलताना माझा आवाज चढला. साहेब टेबलावरून बघायला लागला. मी गाडीपाशी जाऊन पिशवी आणली. इन्ताने पिशवी माझ्या हातात दिली आणि तोंड फिरवलं. पिशवीत सगळे कपडे नीट घड्या घातलेले होते. हिरव्या पुडीची डबी होती. ती कशी लावायची ते हन्नेकेला सांगितलं, दोनदा सांगितलं, कारण ती ऐकतच नव्हती, नुसती रडत होती. फाईकडे बघून मी म्हटलं, "ये गं." तिने तोंड आईच्या सदऱ्यात लपवलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले तर तिने खांदा झटकला.

"बाई, मुलीचा शिक्का राहिलाय," साहेब म्हणाला. "पासपोर्ट द्या."

मी कमरेची गाठ सोडून पासपोर्ट काढला आणि टेबलावर ठेवला. हन्नेके पोरीला घेऊन रेघेच्या त्या बाजूला उभी राहिली, मी या बाजूला. होडीवाला खाली घाई करत होता. साहेबाने पानं उलटली, फोटो बघितला, पोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मुलीला तुम्ही आणलंत ना? कोण तुम्ही तिच्या?"

मी तोंड उघडलं. हन्नेके माझ्याकडे बघत होती. फाई बघत नव्हती.

"घरमालकीण," मी म्हटलं.

त्याने शिक्का मारला आणि पासपोर्ट माझ्या डोक्यावरून हन्नेकेच्या हातात दिला.

"मग जरा मागे व्हा मावशी. इथे रेघेपाशी घरच्याच माणसांना उभं राहू देतो आम्ही."

मी मागे झाले.